तिकडे माणसं कमी पडतायत

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या रग्बी मैदानावर घडीची खुर्ची घेऊन येणारे पुष्कळ आहेत. पण ती खुर्ची सतत मैदानाच्या या बाजूहून त्या बाजूला नेणारे एकटेच, आमचे भालचंद्र नाडगौडा. जो संघ हरत असेल त्याच्या बाजूला ते बसतात. गुण फिरले की उठतात, खुर्ची मिटतात, गोलपोस्टच्या मागून वळसा घालतात आणि पलीकडे जाऊन पुन्हा मांडतात. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. "तिकडे माणसं कमी पडतायत."

नाडगौडा मूळचे सांगलीचे. आम्ही एकाच कंपनीत आहोत आणि एकाच इमारतीत राहतो, ते वरच्या मजल्यावर, मी खालच्या. वयाने आणि जर्मन भाषेने ते माझ्यापेक्षा खूप मोठे. मी स्वतः अगदी उलट्या वळणाचा माणूस आहे. भारताची मॅच असली की माझी निळी जर्सी सोफ्याच्या पाठीवर पडून असते. विजय पक्का झाला की मग मी ती अंगात घालतो, आणि "मी आधीच म्हटलं होतं" हे वाक्यही तेव्हाच बाहेर काढतो.

अशीच एक क्रिकेटची मॅच आमच्या हॉलमध्ये चालू होती. आपण ऑस्ट्रेलियाला धू धू धूत होतो. बायकोच्या ऑफिसातला एक ऑस्ट्रेलियन पाहुणा गालिच्यावर बसला होता. नाडगौडा साबुदाणा वड्यांची बशी घेऊन सोफ्यावरून उठले, त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि आपली एकेक विकेट पडली की टाळ्या वाजवू लागले. बाकीची मंडळी माझ्याकडे खाऊ की गिळू नजरेने बघत होती, जणू मीच त्यांना शिकवून पाठवलं होतं. त्या पाहुण्याला क्रिकेटमध्ये काडीचा रस नव्हता. तो बिचारा जेवायला आला होता.

कबुतरांचं प्रकरण त्याहून वाईट. तळमजल्यावरच्या आजी कबुतरांना दाणे घालायच्या आणि कबुतरं त्याची परतफेड आमच्या गाड्यांवर करायची. इमारतीचा कारभार बघणाऱ्या हाउसफरवाल्टुंगकडे तक्रार करायचं ठरलं. माझं जर्मन बेताचं, म्हणून मजकूर नाडगौडांनी लिहिला आणि मी फक्त मोठ्या झोकात सही ठोकली. बैठकीत आजींच्या विरोधात सगळ्यांचे हात वर गेले. नाडगौडांनी एकदा खोलीभर नजर फिरवली, आपला हात खाली घेतला, खुर्ची उचलली आणि आजींच्या शेजारी नेऊन ठेवली. "तिकडे माणसं कमी पडतायत," असं मला मराठीत सांगून त्यांनी आपल्याच तक्रारीचे मुद्दे एकेक करून खोडून काढले. आज आजी त्यांना केक पाठवतात आणि मला जिन्यात ओळखही देत नाहीत.

"तुम्हाला याचं नवल वाटतं?" नाडगौडावहिनी मला म्हणाल्या होत्या. "आमच्या लग्नात हे मुलीकडच्या पंगतीत जाऊन बसले होते. नवरदेव कुठे म्हणून सगळे शोधतायत!"

इथपर्यंत सगळं हसण्यावारी जात होतं. अडचण होती ती ईशानची. ईशान हा नाडगौडांचा मुलगा, जन्माने हायडेलबर्गचा, जर्मनीच्या रग्बी लीग संघातला खेळाडू. रग्बी लीग म्हणजे तेरा जणांची रग्बी. बॉल घेऊन पळायचं, समोरच्यांनी तुम्हाला जमिनीवर आडवं करायचं, तुम्ही उठून पुन्हा सुरू करायचं. सहाव्यांदा आडवे झालात की बॉल त्यांचा. आमच्या गावात पंधरा जणांच्या रग्बीला मान आहे, ही तेरावाली तिची गरीब बहीण. राष्ट्रीय संघातली पोरं सोमवारी आपापल्या कामावर हजर असतात, कुणी लंगडत तर कुणी डोळा सुजवून.

या मुलाच्या मॅचलाही बाप पलीकडे. तिथे तर त्यांचं तत्त्व आणखी ताणलेलं असायचं. बरोबरी असली तरी त्यांना समोरचेच दुबळे दिसत. मागच्या वर्षी ईशानने देशासाठी पहिला ट्राय केला, म्हणजे बॉल रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले, आणि दोन्ही हात वर करून बापाला शोधायला लागला. बाप समोरच्या बाजूला, पाहुण्या संघाच्या बचावाचं कौतुक करत उभा. त्या रात्री घरी कुणी कुणाशी बोललं नाही, असं वहिनींनी सांगितलं.

यंदा चार देशांची स्पर्धा आमच्याच गावात होती, आणि जर्मनी फायनलला पोचली. समोर चेक रिपब्लिकचा संघ. आदल्या दिवशी ईशान बापाला म्हणाला, "बाबा, एकदाच. पूर्ण मॅच आमच्या बाजूला बसायचं. तिकडे गेलास तर यापुढे माझ्या मॅचला येऊ नकोस." नाडगौडांनी तसा शब्द दिला, तरी तो खाली माझ्याकडे आला. "जोशीकाका, तू फक्त त्याच्या शेजारी बस. उठू देऊ नकोस."

"मी कसा थांबवणार?"

त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं. "तुला ओलांडून जाणं सोपं नाही."

राष्ट्रीय कामगिरीवर माझी निवड आयुष्यात प्रथमच होत होती, तीही वजनाच्या जोरावर. मी सकाळीच जाऊन जर्मनीची जर्सी घेतली. दुकानातली सर्वांत मोठी जर्सी मला पोटापर्यंत आली, पुढचं पोट उघड्यावर राहिलं.

मध्यंतरापर्यंत चेक पुढे होते. मी निवांत. हरणारे आपण आहोत, म्हणजे माणूस तत्त्वानेच आपल्या बाजूला बसणार. मी ब्राटवुर्स्ट सॉसेज खाल्लं, वहिनींनी दिलेला चिवडा संपवला आणि स्वतःची पाठ थोपटली. नाडगौडांनी मात्र चिवड्याला हात लावला नव्हता. मला वाटलं, पोट बरं नसेल.

मध्यंतरानंतर जर्मनीने बरोबरी केली आणि मग दोन गुणांची आघाडी घेतली. अठरा-सोळा. सगळं मैदान उभं राहिलं आणि मी नाडगौडांच्या आणखी जवळ सरकलो. पलीकडे चेक लोक आले होते ते एका छोट्या बसमधून, मूठभर. एका झेंड्याला चौघे धरून होते.

"जोशी," नाडगौडा म्हणाले.

"अहो नाडगौडा, नाही."

"मी कुठे जातोय? मी शब्द दिलाय." त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. "पण बघा ना, तिकडे माणसं कमी पडतायत. तुम्ही जा."

"मी?"

"माझ्या वतीने. तुम्ही काही शब्द दिलेला नाही."

हा मुद्दा बिनतोड होता. निदान त्या क्षणी मला तो बिनतोड वाटला, यावरून माझी बुद्धी लक्षात यावी. पाच मिनिटांनी मी, ज्याला पहारा द्यायला नेमलं होतं तो, जर्मनीच्या आखूड जर्सीत चेक पाठीराख्यांमध्ये उभा राहून टाळ्या वाजवत होतो. त्यांनी मला आधी संशयाने न्याहाळलं, मग झेंड्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.

शेवटचं मिनिट आलं. चेकचा हल्ला आमच्या, म्हणजे चेकच्या बाजूच्या कोपऱ्यात आला. त्यांचा विंगर, म्हणजे कडेने पळणारा गडी, बॉल छातीशी धरून सुसाट सुटला. तो रेषेपलीकडे गेला असता तर कप त्यांचा होता. मधून ईशान आडवा आला. दोघे हवेत एकमेकांवर आपटले आणि मैदानाबाहेर, माझ्यापासून चार हातांवर, जाहिरातीच्या फळीवर जाऊन धडकले. भोंगा वाजला. जर्मनी जिंकली.

चेकचा पोरगा उठला. ईशान उठला नाही.

डॉक्टर धावले, दोन्ही संघ धावले. मी पलीकडे बघून हात हलवत ओरडलो, "नाडगौडा, या! या इकडे!" जर्मनीची सगळी बाजू रिकामी झाली होती. एकटे नाडगौडा खुर्चीत बसून होते. ते उठले नाहीत. मला त्यांचा इतका राग आला की त्या क्षणी मी त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं असतं.

थोड्या वेळाने ईशानला श्वास आला. तो बसला, डॉक्टरांशी दोन शब्द बोलला, मग उठून बरगडी धरून मैदानातून थेट बापाकडे चालू लागला. मी धापा टाकत मागे.

"बाबा, मी पडलो होतो. सगळे आले. तू का नाही आलास?"

"तूच म्हणालास, तिकडे जायचं नाही." नाडगौडा म्हणाले. "उठलो नाही मी. जोशींना विचार."

साक्षीदार म्हणून मी अगदीच कुचकामी होतो, पण कुणी विचारलं नाही. त्यांचे हात अजून खुर्चीवर घट्ट होते.

"मला इथून बघवत नाही रे," ते म्हणाले. "तिकडे बसलं की तुला पाडल्यावर मी त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवतो. हातांना काहीतरी काम मिळतं. इथे नुसतं बघायचं. आज सगळी मॅच नुसता बघत बसलो."

 ईशान खुर्चीशेजारी गवतावर बसला. नाडगौडांनी खुर्चीवरचा एक हात सोडवला आणि अंगठ्याने त्याच्या भुवईवरचा चिखल पुसला.

"लागलं का रे?"

"हो," ईशान म्हणाला. "खूप."

आणि त्याने बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तिकडे कप घ्यायला सगळा संघ रांगेत उभा राहिला होता आणि त्याच्या नावाने हाका चालल्या होत्या. मी हात वर करून त्यांना खूण केली, जरा थांबा.