बाटलीतला नमुना

"आज पण?" तपासनिसाने विचारलं.

"आज पण," बायको म्हणाली आणि दार ओढून निघून गेली.

ऑफिस उघडायला चांगला अवकाश असताना ही बाई रोज घरातून निघायची आणि ऑफिसच्या कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसायची. तिने बसावं, बसायला कुणाची ना नव्हती. पण तपासनिसाला गेल्या वर्षापासून कायमची दुपारपाळी लागली होती. तो घरी यायचा तेव्हा ती झोपलेली असायची. म्हणजे नवराबायकोने एकमेकांचं तोंड पाहायचं ते फक्त सकाळी, आणि त्या सकाळचाही मोठा तुकडा ते दुकान खाऊन टाकत होतं. हे त्याच्या मनाला लागलं होतं. पण 'थोडा वेळ माझ्याजवळ बस' असं सरळ म्हणायचं तर त्याची जीभ तिथे अडायची.

एरवी त्या जिभेचा त्याला फार गर्व होता. पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत तो पाणी तपासायचा, आणि कुठल्या टाकीचं पाणी आहे हे एका घोटात सांगायचा. विचारलं नाही तरी सांगायचा. अशा माणसाने बायकोच्या सकाळच्या गायब होण्याचं निदान जसं केलं असतं तसंच केलं. दुकानात चांगली कॉफी मिळते, घरात मिळत नाही, म्हणून ती दुकानात जाते. तेव्हा घरी यंत्र आणायचं.

यंत्रांच्या दुकानातल्या विक्रेत्याने हसतमुखाने सुरुवात केली. "सर, हे बटण दाबलं की झालं."

"आत पाणी किती वेळ साठून राहतं?"

"सर, हे दूध पण आपोआप फेसाळतं."

"मी पाण्याचं विचारतोय. नळी कशाची आहे? उघडून दाखवा."

विक्रेत्याने उघडून दाखवलं. मग शेजारचं उघडून दाखवलं. तिसऱ्या यंत्राच्या वेळी तो 'आतून माणूस पाठवतो' असं सांगून जो गेला तो परत आला नाही. शेवटी तपासनिसाने स्वतःच एक निवडलं, दुकानातलं सगळ्यात बोजड, कारण त्याची टाकी काढून आतून घासता येत होती.

ते यंत्र ओट्यावर मावेना. भांड्यांचं स्टँड उचलून जेवणाच्या टेबलावर गेलं. जाड पिनेचा प्लग बसेल असं भोक स्वयंपाकघरात एकच, ते वॉशिंग मशीनचं. त्यामुळे यंत्र चालू असेल तेव्हा कपडे बंद आणि कपडे चालू असतील तेव्हा कॉफी बंद, असा करार झाला. सासरे त्यांच्याकडेच राहायचे. ते जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले गृहस्थ. त्यांनी यंत्र पाहिलं आणि त्यांचे हात शिवशिवायला लागले.

"जावईबापू, आत काय आहे ते बघू या का एकदा?"

"बाबा, कालच आणलंय."

"म्हणूनच म्हणतो, आत्ता स्वच्छ असेल."

पहिल्या सकाळी यंत्राने बिया दळायला घेतल्या आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं. कॉफी तयार झाली. बायकोने उभ्या उभ्या एक घोट घेतला. तपासनीस समोर येऊन उभा राहिला.

"कशी आहे?"

"बरी आहे."

"तिथल्यासारखी?"

"वेगळी आहे."

"वेगळी म्हणजे आंबट, कडू, का तुरट?"

"अहो, मला उशीर होतोय."

'बरी आहे' हा शेरा त्याच्या शास्त्रात नापासच धरला जायचा. त्याने बिया बदलल्या. मग दळण बारीक केलं. मग पाणी बदललं. रोज सकाळी तो कप घेऊन दाराजवळ उभा राहायचा, ती घोट घ्यायची, तो तिच्या चेहऱ्याकडे डोळ्यात तेल घालून पाहायचा आणि विचारायचा, आणि ती निघून जायची. पूर्वीपेक्षा थोडी लवकरच जायला लागली होती. हे त्याच्या लक्षात आलं, पण त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष असा, की तुलनेसाठी मूळ नमुना हवा.

एका सकाळी त्याने तिच्या हातात प्रयोगशाळेची बाटली ठेवली. निर्जंतुक, घट्ट बुचाची, वर चिठ्ठी चिकटवलेली.

"हे काय?"

"तिथल्या कॉफीचा नमुना आण. वरचा फेस नको, तळचं नको, मधलं घे."

"मी भर दुकानात असली बाटली भरत बसू?"

"त्यात लाजायचं काय?"

तिने वाद घातला नाही. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसणारी ती बाई, दिवसभर लोकांशी वाद घालून घरी यायची. बाटली पर्समध्ये टाकली आणि संध्याकाळी भरून फ्रिजमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी तपासनिसाने चमचाभर चाखली, तोंडात फिरवली, डोळे मिटले. आधी जळकट. मग गोडसर. शेवटी ओला पुठ्ठा चघळावा तशी काहीतरी चव. त्याने पुन्हा चाखली. अशी कॉफी कुणी आवडीने पितं हे पटायला जड होतं. पण आवड ही आवड असते, आणि बायकोची असेल तर ती पुरवायची, एवढा तो दिलदार होता. बाटली घेऊन तो कॉफीच्या बियांच्या दुकानात गेला.

दुकानदाराने तांबूस गढूळ द्रवाची ती चिठ्ठी लावलेली बाटली पाहिली आणि हात मागे घेतले.

"ही इथे कशाला आणलीत?"

"मला अगदी अशीच हवी आहे."

"कुणाची आहे?"

"बायकोची."

"मग डॉक्टरांना दाखवा ना."

कॉफी आहे हे पटवण्यात बराच वेळ गेला. मग दुकानदाराने वास घेतला आणि त्याचा चेहरा पडला. "साहेब, डोंगरातल्या बिया आहेत, फळासारखा वास येणाऱ्या आहेत, परवाच भाजलेल्या आहेत. त्यातल्या घ्या ना."

"त्यांना पुठ्ठ्याची चव आहे का?"

"लोक माझ्याकडे ती चव टाळायला येतात हो."

"मला तीच पाहिजे."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. शेवटी काचेत शोभेसाठी कधीकाळी ओतून ठेवलेल्या, उन्हाने करपलेल्या, तेल सुटलेल्या बिया त्याने फडक्यात बांधून दिल्या आणि 'या कुठून घेतल्या ते कृपा करून सांगू नका' अशी विनंती केली.

पुढचे काही दिवस घरात जे चाललं त्याला स्वयंपाक म्हणता येणार नाही. बिया तव्यावर आणखी जाळल्या. पाणी उकळून, निववून, पुन्हा उकळलं. ताज्या दुधाने चव बिघडते, म्हणजे सुधारते, हे कळल्यावर दुधाची पावडर आणली. तरी ओला पुठ्ठा जमेना. मग सासऱ्यांची जुनी इच्छा पूर्ण झाली. त्यांनी यंत्र उघडलं, आतली गाळणी काढली, बंद केलं, आणि उरलेला एक स्क्रू खिशात टाकला. त्या दिवशीची कॉफी बाटलीशी तंतोतंत जुळली. सासऱ्यांनी दोन्ही चाखल्या, दोन्ही वेळा तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "जावईबापू, जिंकलात. आता मला पाणी द्या."

दुसऱ्या सकाळी तपासनिसाने कप बायकोपुढे धरला. तिने घोट घेतला आणि तशीच थांबली.

"कशी आहे?"

"ही तुम्ही घरी केलीत?"

"हो. आता तुला बाहेर जायला नको."

ती खुर्चीवर बसली. "अहो, ही आमच्या ऑफिसच्या मशीनची कॉफी आहे. त्या दिवशी बाटली भरायची विसरले, म्हणून निघताना तिथली भरली. तिकडे शिपाईसुद्धा ही पीत नाही."

"मग दुकानातली कशी असते?"

"मला काय माहीत? मी तिथे चहा पिते."

स्वयंपाकघरात यंत्र सुस्कारा टाकून बंद पडलं. सासरे हळूच उठून आपल्या खोलीत गेले.

"चहा तर घरीही आहे," तपासनीस म्हणाला.

"आहे हो. पण घरी घोट घशाखाली उतरायच्या आत तुम्ही विचारता, कसा झालाय. उतरला की विचारता, कालच्यापेक्षा कसा आहे. पुढे दिवसभर खिडकीवर सगळं गाव मला विचारतं. तिथे मी कोपऱ्यात बसते, कुणी काही विचारत नाही. बाकी काही नाही." असं म्हणून तिने पर्स उचलली आणि ती गेली.

तपासनीस त्या दिवशी कामावर गेला आणि कुठल्याच पाण्याबद्दल आपणहून बोलला नाही. सहकाऱ्यांना वाटलं, ताप असेल.

दुसऱ्या सकाळी बायको चपला घालायला बाहेरच्या खोलीत आली तर खिडकीजवळच्या खुर्चीपाशी चहाचा कप ठेवलेला होता. दुसरा कप घेऊन तपासनीस खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बसला होता आणि भिंतीकडे बघत होता. एका पायात चप्पल घालून ती क्षणभर घुटमळली. मग बसली.

तिने घोट घेतला. तपासनिसाच्या ओठांपर्यंत प्रश्न आला. त्याने तो चहाबरोबर गिळला, आणि चहा गरम असल्यामुळे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सासरे खोलीतून बाहेर आले, त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, जावयाने हात वर केला, ते आल्या पावली मागे फिरले. अर्धा कप संपला. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. तपासनिसाच्या मानेवरची शीर ताठ झाली होती, पण तो भिंतच बघत राहिला.

"आज विचारणार नाही का?" बायको म्हणाली.

"काय?"

"कसा झालाय ते."

"नाही."

स्कूटर एकदाची चालू झाली आणि निघून गेली. तिने उरलेला चहा सावकाश संपवला, खिडकीतून बाहेर पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"पाणचट झालाय," ती आपणहून म्हणाली. मग पायातली चप्पल काढून तिने कप पुढे केला. "अजून असेल तर द्या."