जालिंदर खोत यांचा दम

मेलेल्या माणसाचा दम मैदानात चालूच असला, तर त्याला बाद धरायचं की चढाईवर? हा प्रश्न दिगंबर खोतनं थोरल्या भावाच्या तिरडीपाशी उभं राहून विचारला. सुतळी बांधणारे बांधत राहिले.

हकीकत साधी होती. जत्रेतल्या कबड्डीचा अंतिम सामना. करंजेमळा विरुद्ध हिंगणवाडी. गुण बरोबरीत, आणि करंजेमळ्याच्या बाजूला जालिंदर एकटाच उरलेला. तो शेवटच्या चढाईला गेला, हिंगणवाडीचा कप्तान मारुती धनवडे याच्या खांद्याला बोट लावलं, गर्रकन वळला आणि मध्यरेषा चार पावलांवर असताना त्याचं काळीज बंद पडलं. जालिंदर खाली पडला. दम वरच राहिला.

डॉक्टर आले, त्यांनी डोळे उघडून पाहिले, मान हलवली. चौघांनी जालिंदरला उचलून नेलं. तो जिथं पडला तिथं, त्याच्या तोंडाच्या उंचीवर, त्याच्याच किंचित घोगऱ्या आवाजात "कबड्डी, कबड्डी, कबड्डी" चालू होतं.

पंच रंगराव जगदाळे जवळ जाऊन, कान लावून ऐकून आले. "दम अखंड आहे," त्यांनी सांगितलं. "चढाई चालू."

"आवो पण गडी मैदानाबाहेर गेला की," धनवडे म्हणाला. "मग बाद न्हाई का?"

"स्वतःहून गेलेला नाही. लोकांनी नेला. तो प्रेक्षकांचा हस्तक्षेप झाला."

करंजेमळ्याच्या जत्रेत घड्याळ लावून खेळायची पद्धत नाही. दम आहे तोवर चढाई. आणि चढाई चालू असताना जो रेषेबाहेर पाऊल टाकील तो बाद. त्यामुळं हिंगणवाडीचे सातही गडी आत राहिले. घरून त्यांची अंथरुणं आली. न्हावी बाहेर बसून आत हात घालून दाढ्या करू लागला. एकाचं लग्न ठरलेलं होतं. बाजूच्या रेषेवर अंतरपाट धरला, नवरी बाहेर उभी राहिली आणि अक्षता पडल्या. धरायला अंग नसल्यामुळं पकड करता येत नव्हती. एकानं दोनदा झडप घातली, पण दम त्याच्या काखेतून तसाच चालू राहिला.

भाकरी जालिंदरची आई पाठवायची. दिगंबर पहिल्या दिवशी टोपलीवर लाथ मारायला निघाला होता.

"ह्यास्नी खाऊ घालतीस? दादाला पाडाय बसल्यात ह्ये."

"पावणं हाईत," आई म्हणाली. "हरूस्तवर उपाशी ठिवू काय? ने गुमान."

दिगंबर या मैदानाचा रेषा आखणारा होता. शाळा चौथीत सुटली, ती त्यानं मास्तरांची छडी मास्तरांवरच उगारल्यामुळं. पुढं संघात आला, तर पहिल्याच वर्षी बाद दिला म्हणून पंचांची शिटी हिसकून विहिरीत टाकली. संघातून काढल्यावर जालिंदरनं मंडळाच्या पाया पडून त्याला फक्कीचं काम मिळवून दिलं. तेव्हापासून चुन्याचं घमेलं काखेत घेऊन तो रेषा आखायचा, आणि त्याची एकही रेषा कधी सरळ आली नाही.

"दिग्या," जालिंदर म्हणायचा, "रेष हाय का चालता बैल मुतलाय? पर असू दे. असंल तिथनं परत येतो मी."

आणि यायचा. आला की दिगंबर तांब्या घेऊन उभा असायचा. जालिंदर घटाघटा पाणी प्यायचा आणि उरलेलं दिगंबरच्या डोक्यावर ओतायचा. इतर गडी आपापलं पाणी आपण प्यायचे.

आता दिगंबर मध्यरेषेवर बसून असायचा. दवानं आणि कुत्र्यांनी पुसलेल्या रेषा सकाळी नव्यानं मारायचा, मग बसायचा. "दादा, म्हस व्याली. रेडी झाली," असं काहीबाही सांगायचा. पलीकडून "कबड्डी, कबड्डी" यायचं. भावांचं बोलणं आधीही साधारण असंच होतं.

अडचण निकम सरांची झाली. ते हायस्कुलात खेळ शिकवून निवृत्त झाले होते आणि तालुक्यातल्या खेळाडूंची चरित्रं लिहीत होते. पुस्तक छापायला जायचं होतं. जालिंदरचं प्रकरण सोडून बाकी सगळं तयार होतं. ते मैदानावर आले, दिगंबरशेजारी रुमाल पसरून बसले.

"ऐक," ते म्हणाले. "'बालपणापासूनच जालिंदररावांच्या अंगी विलक्षण चपळता होती.'"

"म्हाताऱ्या पारूबाईचा कोंबडा काखंत मारून पळायचा. तिचा ल्योक काठी घिऊन मागं. कोंबडा वरडायचा, दादा न्हाई."

"ते नाही घालता येत."

"मग चपळता कुठनं आली म्हणून लिवणार?"

सरांनी जरा विचार केला आणि कोंबडा घातला. मग शेवट वाचला. "'ऐन विजयाच्या उंबरठ्यावर काळाने झडप घातली.'"

दिगंबर उठला. सरांच्या सदऱ्याची बटणं त्याच्या मुठीत आली.

"झडप? म्हंजी पकड झाली? कुणी केली पकड? पंच, पकड दिली का तुमी?"

"पकड नाही," रंगराव म्हणाले.

"धनवडे, तू केलीस?"

"न्हाई बा," आतून धनवडे म्हणाला. त्याच्या तोंडात भाकरी होती.

"मग पुस्तकात कशी आली? उद्या पोरं वाचतील, जालिंदर खोत धरला गेला, बाद झाला. सामना हरला. छापल्यावर काय पुसता येतंय व्हय?"

सरांनी बटणं सोडवून घेतली. "बरं, झडप काढतो. पण मग तूच सांग, शेवट काय लिहू? परत आला की बाद झाला, दोनातलं एक तर लिहावं लागेल. अर्ध्या चढाईवर माणसाचं चरित्र संपवता येत नाही."

दिगंबर पुन्हा रेषेवर जाऊन बसला.

त्याच आठवड्यात दम बारीक होऊ लागला. आधी "कबड्डी"तला क गेला. मग नुसतं "ड्डी, ड्डी" ऐकू यायचं, तेही वारा पडल्यावर. रंगराव रोज कान लावून यायचे. शेवटी त्यांनी दिगंबरला बाजूला घेतलं.

"उच्चार अस्पष्ट होतोय. उद्यापर्यंत असाच राहिला तर दम सुटला असं धरावं लागेल. पलीकडं सुटला तर बाद. माझा इलाज नाही."

दिगंबर रेषेवर गेला. "दादा, ये की रं!" तो ओरडला. "चार पावलं हाईत. ये की!"

पण दमाला पाय नव्हते. दिगंबरनं रेषेपलीकडं पाय उचलला.

"दुसरा गडी आत गेला तर सामना गेला," रंगराव मागून म्हणाले.

दिगंबरनं पाय जागच्या जागी आपटला आणि रडत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा घमेलं घेऊन आला. मध्यरेषा आखायला घेतली. मधोमध येईपर्यंत रेषा त्याच्या मानानं बरी आली. तिथं मात्र ती हिंगणवाडीच्या बाजूला वळली. दिगंबर वाकून, बोटांतून फक्की सोडत, मागं मागं सरत चालला. रेषा आखणाऱ्याला आत जायची मुभा असते. तो गडी नसतो.

धनवडे अंथरुणात उठून बसला. "दिगंबर, रेष वाकडी चाललीया."

"माझी वाकडीच येती."

"लईच वाकडी हाय."

दिगंबरनं वर पाहिलं नाही. धनवडेनं रेषेकडं पाहिलं, मग हवेत जिथून "ड्डी, ड्डी" येत होतं तिकडं पाहिलं. ज्या खांद्याला जालिंदरचं बोट लागलं होतं तो त्यानं जरा चोळला.

"उठा रं," तो आपल्या गड्यांना म्हणाला. "अंथरुणं मागं घ्या. रेष येतीया."

रेषा दमाच्या पलीकडून गेली, त्याला वळसा घालून परत फिरली आणि मैदानाच्या दुसऱ्या कडेला जाऊन लागली. रंगरावांनी नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा लावला, बराच वेळ वाचलं.

"रुंदी दिलेली आहे," ते म्हणाले. "सरळ असावी असं कुठं लिहिलेलं नाही. पण दोन मध्यरेषा चालत नाहीत. कालची अजून दिसते. ती पुसावी लागेल."

दिगंबर कालच्या रेषेपाशी गेला आणि थांबला. घरी पोचलेला गडी दम सोडतो, हे त्याला शाळा चौथीत सुटली तरी ठाऊक होतं. आवाज अजून तरी ऐकू येत होता.

"ड्डी," दम म्हणाला. बऱ्याच वेळानं पुन्हा, "ड्डी."

भाकरीची टोपली घेऊन आई कडेला उभी होती.

"पूस, बाळा," ती म्हणाली. "दमला आसंल त्यो."

तो पायानं पुसायला गेला, पण मग गुडघ्यांवर बसला आणि हातानं पुसू लागला. चुना मातीत मिसळत गेला. रेषेचं शेवटचं टोक तळव्याखाली गेलं तेव्हा त्याच्या मागं, अगदी जवळ, कुणीतरी ओझं उतरवून टेकावं तसा एक लांब श्वास सुटला. मग मैदानात चिमण्या ऐकू येऊ लागल्या.

रंगरावांनी शिटी वाजवली आणि एक बोट वर केलं. "करंजेमळा, एक गुण. सामना समाप्त."

हिंगणवाडीच्या गड्यांनी अंथरुणं गुंडाळली. धनवडेनं मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला आणि बाहेर पडला. आईनं सातही जणांच्या हातात वाटेसाठी भाकरी बांधून दिली. ज्याचं लग्न झालं होतं त्याला दोन जास्त.

निकम सर पेन उघडून आले. "काय लिहू?"

"लिवा, परत आला."

"आणि निधन?"

"त्ये पुढच्या पानावर."

दिगंबर हौदावर गेला. हात धुतले नाहीत. तांब्या भरला आणि नव्या रेषेच्या अलीकडं, वळशाच्या आत येऊन उभा राहिला. अर्धं पाणी त्यानं मातीवर ओतलं. माती ते घटाघटा प्याली. मग त्यानं मान खाली घातली आणि उरलेलं स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं.