गाडेकरांचं आरोग्यपात्र

गाडेकरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या जिन्यात, उकिडवे बसलेले. भर दुपार होती, जिन्यात लख्ख उजेड होता, तरी त्यांच्या हातात टॉर्च होता आणि त्या झोतात ते भिंतीच्या कोपऱ्यातला एक लाल डाग निरखत होते. मी थबकलो. त्यांनी मान वर केली.

"आपण दुसऱ्या मजल्यावरचे?"

"हो."

"मग घाबरू नका. नुसती सुपारी आहे."

तोवर मी घाबरलो नव्हतो. त्यांनी सांगितल्यावर घाबरलो, आणि पुढची दोन वर्षं कमीअधिक प्रमाणात घाबरलेलाच राहिलो.

नगरला सावेडीतल्या आमच्या इमारतीत समोरचा फ्लॅट त्यांनी नुकताच घेतला होता. त्याआधी ते राहाता तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. उभी नोकरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून क्षयाच्या संशयितांचे बेडके तपासण्यात गेली. लग्न केलं नव्हतं. सकाळी लोक पेपर वाचतात तसे ते जिना वाचत. कोणत्या मजल्यावर कोण काय खातं, कुणाच्या हिरड्या सुजल्यात, कुणाकडे पाहुणे आलेत, हे त्यांना भिंतीवरून कळे. थुंकी हा शब्द ते वापरत नसत. ते 'नमुना' म्हणत. आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांवर त्यांच्याकडे एकच उत्तर होतं: "झाकण पाहिजे." चहाच्या कपावर बशी, बशीवर वर्तमानपत्र. महागाईचा विषय निघाला तरी ते थोडा वेळ ऐकत आणि म्हणत, "मूळ मुद्दा असा आहे सर, उघडं ठेवलं की पसरतं."

मला खोकला आला तर मी उशीत तोंड खुपसायला लागलो होतो. कारण दुसऱ्या दिवशी ते दारात उभे राहून शांतपणे म्हणत, "सकाळी सहाला तीनदा खोकलात. कोरडा होता. आज काळजी नाही." त्या 'आज'वर माझा दिवस जायचा.

घरात आम्ही दोघे भाऊ. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, माणसांपेक्षा पुस्तकांत जास्त राहिलो. माझा थोरला भाऊ, दादा, आयुष्यभर ट्रक आणि पाण्याचे टँकर चालवून, वहिनी गेल्यावर माझ्याकडे राहायला आला होता. त्याच्या गालात कायम तंबाखूची गोळी असे. दादा जाऊन आता चार महिने होतील. तो असता तर ही हकीकत त्यानंच सांगितली असती आणि जास्त हसवून सांगितली असती. मला ती सावकाशच सांगता येते.

तर, गाडेकरांनी निवृत्तीनंतर एक ध्यास घेतला होता. घरात आणि गाडीत वापरता येईल अशी, झाकणाची, धुता येणारी, वास न येणारी पिकदाणी तयार करायची. पिकदाणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "पिकदाणी नवाबाची. हे आरोग्यपात्र." त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पत्र्याची नळकांडी, स्प्रिंगा आणि बाजारातून आणलेलं रबर पसरलेलं असे. मला ते बोलावून दाखवत. मी हात पाठीमागे बांधून बघत असे.

पहिली बारा पात्रं त्यांनी उत्तम स्टीलची करून घेतली. पायानं दाबलं की झाकण उघडणारं ते 'गृहोपयोगी' आणि रिक्षाच्या दांडीला अडकवायचं ते 'प्रवासी'. भांड्यांच्या दुकानात नाव घालणाऱ्याला त्यांनी कागदावर लिहून दिलं, 'आरोग्यपात्र'. त्या बिचाऱ्यानं जन्मभर लग्नाच्या भांड्यांवर नावं घातलेली. त्यानं सवयीनं बाराही भांड्यांवर वर लिहिलं 'सप्रेम भेट' आणि खाली 'आरोग्यपात्र'.

दादा पोट धरून हसला. "डाक्टर, सप्रेम भेट देता आन म्हंता ह्यात थुका?" तो गाडेकरांना डाक्टरच म्हणे.

पात्रं वाटली गेली. महिन्याभरानं गाडेकर पाहणीला निघाले, मला साक्षीदार म्हणून नेलं. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं देवाच्या तसबिरीखाली ते लटकवलं होतं आणि त्यात झेंडूची फुलं ठेवली होती.

"अहो, हे थुंकायला दिलं होतं."

"काका, येवढं चकाचक भांडं. ह्यात थुकू? आय चपलीनं हानंल मला," असं म्हणून त्यानं रिक्षातून बाहेर वाकून रस्त्यावर पिचकारी मारली.

सोसायटीच्या चेअरमनबाईंनी तर भीत भीतच सांगितलं, "रागावू नका हं, पण दही फार छान लागतं त्यात. झाकण घट्ट बसतं ना."

परत आल्यावर गाडेकर जिन्यात थांबून म्हणाले, "सर, चूक सापडली. आपण फार स्वच्छ केलं."

मग त्यांनी 'कोपरा' नावाचं पात्र केलं. लोक कोपऱ्यात थुंकतात ना, मग भिंतीच्या रंगाचा, कोपऱ्याच्याच आकाराचा प्लास्टिकचा साचा. तो जिन्यात बसवला. लोक त्याच्या शेजारी थुंकू लागले. नवी वस्तू दिसते, खराब कशाला करा.

मनापासून थुंकणारा माणूस त्यांना एकच मिळाला, तो म्हणजे दादा. "आना डाक्टर, मी थुकतो. दुसरं काय काम हाय मला?" आणि तो नुसता थुंकत नसे, अभिप्राय देई. भोक लहान हाय. ब्रेक मारला की नेम चुकतो. प्रवासी पात्र वळणावर हिंदकळायचं, त्यावर गाडेकर आठवडाभर अडले होते. दादानं तोंडातली गोळी या गालातून त्या गालात सारली आणि म्हणाला, "टँकरमदी आतून आडव्या पट्ट्या असत्यात. न्हाईतर वळनावर पानीच टँकर पाडतं. तशा पट्ट्या टाका." गाडेकरांनी उठून त्याला नमस्कार केला. त्यानंतर रोज सकाळी ते हातमोजे घालून येत, दादाचं पात्र उचलून नेत, रिकामं करून, मोजून, वहीत लिहून परत आणत. दोघांची छान गट्टी जमली. मला वाटलं, आता काही दिवस तरी मी या माणसाला भ्यायचं कारण नाही.

एका सकाळी पात्र परत आणताना गाडेकरांनी विचारलं, "दादा, काल डाळिंब खाल्लं होतं का?"

"न्हाई बा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरात डाळिंब आहे का?" तिसऱ्या दिवशी विचारलं, बीट केलं होतं का. चौथ्या दिवशी ते आले, सोफ्यावर बसले, चहा घेतला आणि त्यावर बशी ठेवायला विसरले. मी त्या उघड्या कपाकडे बघत राहिलो. पाचव्या दिवशी मी बाजारातून डाळिंबं आणली. ती का आणली हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. सहाव्या दिवशी गाडेकरांनी विचारलं आणि मी म्हणालो, "हो, खाल्लं." खोटं. डाळिंबं फडताळात तशीच होती. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जो आनंद आला तो मला अजून दिसतो. मग तो गेला, कारण त्यांना खोटं कळलं होतं.

आठव्या दिवशी ते दारातच उभे राहिले. "सर, दादांना तोंड उघडायला सांगा. मी बघत नाही. तुम्ही बघा."

मी बघितलं. गालाच्या आत, मागच्या दाढेपाशी, एक पांढरट खड्डा होता.

"ते लई दिवसाचं हाय," दादा म्हणाला. "चुना लागला आसंल."

पुढचं सगळं पटापट झालं. तपासणी, पुण्याला ऑपरेशन, मग रोजची किरणं. जबड्याची एक बाजू काढली. दादा वाचला असं आम्ही म्हणत होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो. गाडेकर एकदा माझ्याजवळ बोलले. "आठ दिवस मी डाळिंब डाळिंब करत बसलो. परक्यांच्या रिपोर्टात रक्त लिहिताना हात कधी अडला नाही, सर. इथं अडला."

दादाला आता लाळ गिळता येईना. ती सारखी ओठाच्या कडेनं गळे. दर दोन मिनिटांनी थुंकावं लागे. बोलणं बोबडं झालं, ते मला आणि गाडेकरांनाच कळे. चौकात बसून जगाची टिंगल करणारा माणूस, गॅलरीतसुद्धा येईना. खांद्यावर टॉवेल टाकून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसे.

अशात दिवाळी महिन्यावर आली. सोनईला आमची थोरली बहीण आहे, आक्का. ऐंशीच्या पुढची, गुडघ्यांनी अधू, तिला नगरला आणणं अशक्य. गेली पन्नास वर्षं दादानं एकही भाऊबीज चुकवली नव्हती. ट्रक कुठंही असो, त्या दिवशी तो सोनईत उभा. यंदा आक्काचा रोज फोन. दादानं मानेनं नकार दिला. मग मला जवळ बोलावून एकेक शब्द जुळवत म्हणाला, "पाटावर बसायचं. ती ववाळनार. पोरं समोर. आन माझी लाळ तबकात. न्हाई, बापू."

मी हे गाडेकरांना सांगितलं. त्यांचं दार पंधरा दिवस बंद होतं. आतून कानशीचा आवाज येई. मग ते एक वस्तू घेऊन आले. तळहाताएवढी, साध्या तपकिरी रंगाची, दिसायला चष्म्याच्या घरासारखी. ओठाला लागेल तिथं सायकलच्या ट्यूबचं मऊ रबर. झाकणाला आतून मखमल, म्हणजे बंद होताना आवाज नाही. आत दादानं सांगितलेल्या पट्ट्या, आणि तळाला लहान मुलांच्या डायपरमधली पावडर. पाणी पडलं की खीर होते, सांडत नाही. अशी दोन पात्रं केली होती.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"गाडी म्हटली की स्टेपनी लागतेच. दादांनीच शिकवलंय."

दादानं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, वापरून बघितलं. मग म्हणाला, "भोक बरोबर हाय."

भाड्याची गाडी केली. गाडेकर ड्रायव्हरशेजारी बसले, आम्ही दोघे मागे. त्या तासाभराच्या रस्त्यावर मी जितका भ्यालो तितका आयुष्यात भ्यालो नाही. गतिरोधक आला की दादाला ठसका लागेल, लाळ श्वासात जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाडेकर पुढून ओरडत, "आला! मान पुढे!" ड्रायव्हर बिचारा प्रत्येक वेळी दचकून ब्रेक मारी. घोडेगावला सोनईच्या रस्त्याला वळलो तेव्हा दादानं टॉवेल तोंडावर ओढून घेतला. पात्र त्यानं सदऱ्याच्या खिशात खोल सारून ठेवलं. गाडीत वापरलं ते वापरलं, माणसांत वापरणार नव्हता.

आक्कानं ओसरीवर दोन पाट मांडले होते. भाचेसुना, नातवंडं, पतवंडं, सगळी भिंतीला टेकून उभी. दादा उंबऱ्यातच थांबला.

"आरं ये की आत. पाव्हन्यावानी काय उभा ऱ्हायलास?" आक्का म्हणाली. तिला दिसायचं कमी, पण टॉवेल दिसला. तिचा आवाज उतरला. "कितीक वाळलास रं."

एक पोरगं मोठ्यानं म्हणालं, "आबांच्या तोंडाला काय झालं?" त्याच्या आईनं त्याला मागं ओढलं. दादानं टॉवेल घट्ट धरला आणि माझ्याकडे पाहून गाडीकडे मान वळवली. चल. मला कळलं की तो आता परत फिरला तर या घरात पुन्हा येणार नाही.

तेवढ्यात गाडेकर चपला काढून आत गेले. "आक्का, मला बहीण नाही. मीही बसलो तर चालेल का?"

"बसा की. पाटाला काय तोटा हाय?" आक्कानं तिसरा पाट मागवला.

गाडेकर डोक्यावर टोपी चढवून मांडी घालून बसले. शर्टाच्या खिशातून त्यांनी ती स्टेपनी काढली. घसा खाकरला, चांगला मोठ्यानं, आणि सगळ्या गोतावळ्यासमोर त्या पात्रात थुंकले. झाकण मिटलं.

"नगरला आता हीच पद्धत आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "ओवाळण्याआधी तोंड मोकळं करायचं. आरोग्याच्या दृष्टीनं."

"आगं बया," आक्का म्हणाली. "आशी बी पद्धत निघाली का?"

दादाचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ठसका लागला, मी धावलो. तो हसत होता. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला, पाटावर जाऊन बसला, पात्र काढलं आणि बिनआवाज वापरलं. पोरांनी ते नगरची पद्धत म्हणून बघितलं. आक्कानं कापऱ्या हातानं तिघांना ओवाळलं. दादाच्या कपाळावर कुंकू लावताना तिनं त्याच्या दबलेल्या गालावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "लई उशीर केलास रं." एवढंच.

पानं वाढायला घेतली तेव्हा गाडेकर कुठं दिसेनात. मी मागच्या अंगणात गेलो. ते पाण्याच्या हौदापाशी दोन्ही हातांनी कठडा धरून ओणवे उभे होते. ओकारी येऊन गेली होती. चूळ भरत होते, पुन्हा भरत होते. मी पाठीवर हात ठेवला.

"जन्मात कुणापुढे थुंकलो नव्हतो, सर," ते म्हणाले. "दादांना सांगू नका."

"नाही सांगत."

मग चेहरा पुसत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आक्कांनी मला घाणेरडा माणूस समजलं असेल का? पुढच्या वर्षी ओवाळतील ना?"

पुढच्या वर्षी. आम्हां दोघांनाही डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते माहीत होतं.

आतून आक्काची हाक आली. "आरं बापू, त्यो तिसरा भाऊ कुठं गेला? पान वाढलंय, माशा बसत्यात."

गाडेकरांनी टोपी सारखी केली, आणि लगबगीनं आत गेले.