झोपेचं भाडं

घरातला पंखा बंद पडला, हे मी घरमालकाला सांगितलं. तिथेच चुकलं.

कांतीसेठ खाली एकटे, आम्ही वर. त्यांनी माझं ऐकून घेतलं, उठले आणि स्वतःच्या पंख्याचं बटण बंद केलं. "भाडेकरू उकडून राह्यला अन् मालक हवेत झोपला, हे आपल्यानं नाई होत, साहेब." पंखेवाला मिस्त्री पोहरादेवीच्या यात्रेला गेलेला, आणि कारंजा गावातलं चैत्राचं ऊन. तो परत येईपर्यंत वर मी आणि खाली सेठ, दोघं पुठ्ठ्यानं वारा घेत होतो. त्यांच्या पुठ्ठ्याचा आवाज आला की मला जास्तच घाम फुटायचा.

सेठचं भांड्यांचं दुकान; आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. "गंज इकला तर गिऱ्हाइकाच्या हातात गंज येते," ते म्हणत. "घराचं काय? माणूस रातभर झोपते, अन् आपण त्याच्या झोपेचं भाडं घेतो. हा काय धंदा झाला?" मग भाड्यानं देता काहून, असं विचारलं की ते भांडी पुसायला लागत.

या पापावर त्यांनीच काढलेला उतारा म्हणजे भाडेकरूचा त्रास मालकानंही भोगायचा. आमचा गिझर बिघडला तर ऐन थंडीत सेठ गार पाण्यानं आंघोळ करून खोकत बसले, आणि माझ्या बायकोला त्यांच्यासाठी काढा उकळावा लागला. तेव्हापासून मी तक्रारच बंद केली. न्हाणीघराची कडी तुटली तरी बोललो नाही. आत असलो की मोठ्यानं गात राहायचो. "साहेब लय सुखात हायेत," सेठ गल्लीत सांगायचे.

यंदा मुलगी दहावीला गेली, तिला वेगळी खोली हवी झाली. घर सोडायचं म्हणतोय, हे मी भीतभीतच सांगितलं. सेठनी हातातलं भांडं पुसून ठेवलं. मग म्हणाले, "जाणाऱ्याले चांगलं घर पाहून देणं मालकाचं काम हाय. मी येतो संग."

आलेही, दुकानाला कुलूप लावून. एका घराचं पाणी त्यांनी चाखून खारं ठरवलं. दुसऱ्या मालकाचं तोंडच त्यांना पसंत पडलं नाही. तिसरीकडे भिंतीला कान लावून उभे राहिले आणि "ओल हाय" म्हणाले. ओल कानाला कशी कळते, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. असा तत्त्वाचा माणूस शोधून सापडायचा नाही, असं मात्र मी बायकोला रोज सांगायचो.

चौथं घर पाहायला बायकोही आली होती; त्यात खोट निघेना. सेठ आतबाहेर फिरले, खिडक्या उघडून मिटल्या आणि शेवटी जिन्यापाशी थांबले. आमचा जिना त्यांच्या बैठकीतून जातो.

"इथं जिना बाहेरून हाय," ते म्हणाले. "तुमी कवा आले, कवा गेले, मालकाले समजणारच नाई."

"मग तर छानच की," मी म्हणालो.

सेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हो. घर चांगलं हाय. पोरीचा अभ्यास होईन," म्हणाले, आणि दुकान उघडायचंय सांगून एकटेच निघाले.

घर पक्कं करू या म्हणून मी बायकोकडे वळलो. ती मेडशीची, बोलताना आडपडदा ठेवत नाही. ती सेठच्या पाठीकडे पाहत होती.

"त्या माणसाले घरात कोणाचा तरी पाय वाजलेला पाह्यजे, म्हणून तो भाडेकरू ठेवते," ती म्हणाली. "अन् तुमी त्याच्या तोंडावर छान म्हणून राह्यले. तुमच्यापरीस म्हशीले लवकर समजते."