पाच बोटांचा सौदा

आमच्या ख्रिस्ती वस्तीत भांडण लागलं की पाळकसाहेबांना निरोप जायच्या आधी याकोबतात्यांचं उपरणं हजर व्हायचं. उपरणं कसलं, बैलाच्या घामाचा वास कायमचा मुरलेलं एक फडकं. त्यामागोमाग तात्या. आल्या आल्या ते भांडणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत; म्हणजे चेहऱ्याकडे नव्हे, दातांकडे. "दात मजबूत हायत," म्हणत, "लई दिवस भांडतील ही."

तात्या पूर्वी घोडेगावच्या बाजारात बैलांचे दलाल होते. तिथला सौदा तोंडानं होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालतात, बोटं धरून भाव ठरतो, आणि बघणाऱ्यांना कापड हलताना दिसतं तेवढंच. बाप्तिस्मा झाल्यावर तात्यांनी दलाली सोडली. का, असं मी विचारलं तर म्हणत, "बैलाची खोड झाकून बोलावं लागतं. आन् मिशनच्या साहेबानं माझं नाव ठिवलं याकोब! त्या याकोबानं जनावरांच्या व्यवहारात सासऱ्याला कसा गुंडाळला, बायबलात वाचलं न्हाई व्हय, मास्तर?"

दलाली सुटली, पण उपरणं सुटलं नाही. कुठलंही भांडण तात्यांच्या लेखी पाच बोटांचं. भांडणाऱ्यांनी आळीपाळीनं उपरण्याखाली हात घालायचा आणि आपली चूक जेवढी वाटते तेवढी तात्यांची बोटं धरायची. दुसऱ्यानं किती धरली ते कळायचं नाही. दोघांची मिळून पाच भरली तर सौदा जमला. तात्या हात बाहेर काढून ओरडत, "पाच भरली! उठा, पानी पाजा एकमेकाला." वयानं ते सगळ्यांचे आजोबा शोभावेत असे, त्यामुळे बायकाही पदर सावरून बोटं धरत.

आणि दर वेळी पाच भरत. याचं आम्हाला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

रखमाबाई आणि तिची धाकटी जाऊ यांचं भांडण कोंबडीवरून. कोंबडी रखमाबाईची, पण अंडी घालायची जावेच्या पाटीत. अंडं कुणाचं यावरून दोघींनी एकमेकींची सात पिढ्यांची अब्रू काढली. तात्यांनी उपरणं टाकलं. रखमाबाईनं एकच बोट धरलं, तेही जावेकडे डोळे वटारून. "पाच भरली!" म्हणजे जावेनं चार धरली! रखमाबाई विरघळलीच. "येवढं पदरात घेतलंस व्हय गं बये," म्हणून तिनं गळा काढला. जाऊही रडू लागली, "तुमीच मोठ्या, बाई." दुसऱ्या दिवशी तात्या उन्हात बसून कोंबडीसाठी खुराडं बांधत होते. कुणी विचारलं तर, "सौद्यात ठरलंय," एवढंच.

पाळकसाहेब तरुण आणि भिडस्त. उपदेशात ते "शांती राखा" म्हणाले की दाराजवळून आवाज येई, "राखा न्हाई साहेब, करा! बायबलात 'शांती करनारे धन्य' लिवलंय. राखली की तिची राख हुती. शांती भाकरीवानी हाय, रोज करावी लागती, आन् हात भाजतो."

तात्या बसायचे कायम दाराजवळ. प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या आठवणीत वाटायच्या भाकरीच्या तुकड्यांचं ताट त्यांच्याकडे आलं की ते न घेता पुढे सरकवत. "दलाल माल खात नसतो," म्हणून तोंडातले उरलेले दोन दात दाखवत हसत. आम्हीही हसायचो. म्हाताऱ्याच्या अनेक तऱ्हांपैकी एक, असं धरून चाललो होतो.

आता माझं सांगतो. मी तिथल्या शाळेत मास्तर. स्वभाव अबोल. कुणाशी कधी वाजलं नाही म्हणून लोक मला शांत माणूस म्हणत. खरं म्हणजे मी नुसता शांती राखणारा होतो.

भजनात मी पेटी वाजवायचो आणि शमुवेल पुढे गायचा. लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेनासं झालं आणि संध्याकाळचं भजन अंधारातच होऊ लागलं. अंधारात लोकांना शमुवेलचा आवाज तेवढा दिसायचा. पेटी कोण वाजवतोय याची कुणाला फिकीर नसे. मला ती बोच होती.

एकदा शमुवेलची दाढ सुजली. नगरहून आणलेल्या, दारूसारखा भपकारा येणाऱ्या कसल्याशा जहाल औषधाचा बोळा त्यानं दाढेत धरला होता. मला तोंड उघडून दाखवलाही. त्या दिवशी तो अडखळत गायला. नंतर पाळकसाहेबांनी मला विचारलं, "शमुवेलला आज काय झालं होतं?"

मी म्हणालो, "तोंडाला वास येत होता."

शब्द खरे होते. पुढचं वाक्य मी गिळलं.

पाळकसाहेबांनी घ्यायचा तो अर्थ घेतला. शमुवेलचं गाणं थांबलं, प्रभुभोजनाचं ताटही थांबलं. तो एवढंच म्हणाला, "मला इचारायला पायजे हुतं," आणि चर्चला यायचाच बंद झाला. वस्तीत तो दारुडा ठरला. त्याच्या बायकोला विहिरीवर टोमणे बसू लागले. मी रस्त्यात त्याला टाळू लागलो.

शेवटी तात्यांनी आम्हा दोघांना चर्चच्या ओसरीवर बसवलं. आधी शमुवेलचा हात उपरण्याखाली गेला. मग माझा. मी तात्यांच्या तळव्यावर मिटलेली मूठ ठेवली. एकही बोट धरलं नाही. तात्या थांबले. "मास्तर, हात लई गार पडलाय तुमचा," म्हणाले. मी मूठ उघडली नाही.

"पाच भरली!" तात्या ओरडले.

शमुवेल माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं स्वतः तांब्या भरून आणला आणि मला पाणी पाजलं. मी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.

तो पुन्हा चर्चला येऊ लागला, तात्यांशेजारी, दाराजवळ. गात नसे. ताटही त्याच्यापुढे येत नसे. तो वाट बघत होता. मास्तरनं आपली चूक कबूल केलीय, तर आज ना उद्या सगळ्यांसमोर बोलेलच, असा त्याचा भरवसा. मला पेटीवरून मान वर करवेना.

एका संध्याकाळी मी तात्यांकडे गेलो. ते एकटेच राहत. सोबतीला एक मारका बैल, जो कुणी विकत घेतला नव्हता. त्याला कडबा टाकत होते.

"तात्या, शमुवेलनं किती बोटं धरली होती?"

"दलाल सांगत नसतो."

"मी तर एकही—"

"एक धरलं त्यानं. म्हनला, रागानं घरात बसून राह्यलो, तेवढं माझं."

"मग पाच कशी भरली?"

"हाताला पाच हायतच की," तात्या बैलाकडे बघत म्हणाले. "उरली ती मी धरली."

"दर वेळी?"

"पाच कधी भरत न्हाईत, मास्तर. एकबी सौदा भरला न्हाई आजवर. मग भरली म्हनून खोटं बोलावं लागतं. आन् खोटं बोलून त्या ताटाला हात कसा लावू? शमुवेलला न्हाई मिळत, मला न्हाई मिळत. सोबत हाय."

मी घरी आलो. आणि खरं सांगायचं तर त्यानंतरचं प्रभुभोजनही मी गप्प बसून गिळलं. त्याच्या पुढच्या वेळी मात्र ताट फिरायच्या आधी उठलो. दाढेचा बोळा, गिळलेलं वाक्य, पेटीची बोच आणि ती मिटलेली मूठ, सगळं सांगितलं. "चार बोटं माझी आहेत. तात्यांनी खोटं सांगितलं, माझ्यापायी," असं म्हणून खाली बसलो.

मग रखमाबाई उठली. "तात्या, कोंबडीच्या वक्ताला मी एकच धरलं हुतं. माझी आजून दोन मांडा."

"अवो बाई, मी तर एकबी धरलं न्हवतं," मागून जाऊ म्हणाली. "उरलेली माझी."

"आगं सटवे!" रखमाबाई ओरडली, आणि दोघी हसत सुटल्या. मग कुणी बांधाचं काढलं, कुणी पाटाच्या पाण्याचं. चर्चचा घोडेगावचा बाजार झाला.

पाळकसाहेब ताट घेऊन स्वतः दारापाशी गेले. आधी शमुवेलची त्यांनी हात जोडून माफी मागितली. शमुवेलनं तुकडा घेतला. मग ताट तात्यांपुढे आलं. सवयीनं ते पुढे सरकवायला त्यांचा हात उठला आणि मधेच थांबला. आपली पाची बोटं ते उलटसुलट करून बघत राहिले, विकलेली जनावरं घरी परत आल्यासारखी.

तुकडा त्यांनी तोंडात टाकला. दात दोनच, तो चावला जाईना. मग तात्यांनी उपरणं डोक्यावरून तोंडावर ओढून घेतलं.

आम्हाला कापड हलताना दिसलं तेवढंच.