लांब रॅमची खरेदी

गरज लपवल्याशिवाय कुठलीही वस्तू स्वस्त मिळत नाही, हे आमच्या घराचं कलम पहिलं. माझा थोरला लेक हंबीरराव ते इतकं कडक पाळतो, की तहान लागली तरी आधी हवापाण्यावर बोलतो आणि मग सहज आठवल्यासारखं पाणी मागतो. (त्याच्या बायकोला हे फार उशिरा कळलं. तोवर तो तहानलेलाच होता.)

सन दोन हजार सातात त्याची लेक अनुजा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या सेकंडहँड लॅपटॉपला प्रोजेक्ट उघडायला सांगितला की तो रुसलेल्या जावयासारखा गप्प बसायचा. "रॅम वाढवायला पाहिजे," ती म्हणाली. प्रोजेक्ट वेळेत दिला नाही तर वर्ष जाणार आणि वर्ष गेलं तर शिक्षण बास, गारगोटीचं स्थळ पक्कं, असं हंबीरनं जाहीर करून टाकलेलं. रॅम म्हणजे लॅपटॉपला आठवण राहावी म्हणून आत बसवायची पट्टी. आमच्या सुनांना ती उपजतच असते. सासू काय बोलली ते वीस वर्षं राहतं.

दुधाच्या बिलातून पेंड वजा जाता जे उरलं, ते रॅमला मंजूर झालं. खरेदी समिती नेमली. अध्यक्ष हंबीर आणि तज्ज्ञ सदस्य त्याचा मुरगूडचा मेव्हणा जोतीराम. जोतीरामनं आयुष्यात एकही म्हैस फसून घेतलेली नाही, सबब त्याला रॅम कळणार हे ओघानंच आलं. अनुजाला मात्र घरी ठेवलं.

"पोरीच्या तोंडावर गरज दिसती," जोतीराम म्हणाला. "भाव चढंल."

"मग लॅपटॉप तरी न्या की मामा."

"म्हस घ्यायला जाताना गोठा कोण डोक्यावर नेतंय व्हय?"

दुकानात समितीनं आधी माऊसचे भाव विचारले, मग पंख्याखाली बसून पाणी पिलं, उसाच्या दरावर चर्चा केली. (हे मला दोघांनी वेगवेगळं आणि अभिमानानं सांगितलं.) मग हंबीरनं जांभई देत विचारलं, "रॅमबिम काय ठेवतासा का?"

"लॅपटॉपला पाहिजे का साध्या कॉम्प्युटरला?" दुकानदार म्हणाला.

लॅपटॉप म्हटलं की भाव चढणार, हे उघड होतं. "कुठला लॅपटॉप पावणं! साधाच हाय आपला."

दुकानदारानं लांब पट्टी काढली. शेजारी लॅपटॉपची आखूड पट्टी होती, तिचा भाव जास्त. आखूड मालाला जादा पैसे द्यायला समिती खुळी नव्हती. जोतीरामनं दोन्ही पट्ट्या तळहातावर तोलल्या, म्हशीचे दात मोजावेत तसे काळे ठोकळे मोजले, आणि लांब पट्टीचा ठराव एकमतानं पास झाला.

घरी लॅपटॉपचं पोट उघडलं, तर आतली जागा पट्टीच्या निम्मी. मग जोतीरामनं तांत्रिक उपाय सुचवला, "शिंगं साळून बारीक करतात तसं कडंनं जरा साळूया की."

अनुजानं लॅपटॉप उराशी धरला आणि आत जाऊन कडी लावली.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन एकटीच गेली. पैसे माझ्या भिशीतले, कारण दुकानात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी होती. ती सरळ म्हणाली, "दादा, ह्यात रॅम बसली न्हाई तर माझं वर्ष जातंय." दुकानदारानं आखूड पट्टी बसवून दिली, वर भावही उतरवला. गरज सांगून भाव उतरल्याचं आमच्या घराण्यात हे पहिलंच उदाहरण. समितीनं ते अपवाद म्हणून फेटाळलं. लांब पट्टी तिजोरीत आहे. (भाव वाढेल म्हणून.)

प्रोजेक्ट वेळेत गेला. वर्ष गेलं असतं तर स्थळ ठरलेलं होतं, आणि गेलं नाही तरी ते तसंच राहिलं. तीच समिती रविवारी गारगोटीला मुलगा बघायला निघाली. वाचणारे हसत असतील. हसा. पण तुमच्या लेकीचा नवरा बघायला कोण कोण गेलं होतं आणि लेक तेव्हा कुठं होती, तेवढं आठवून हसा.

"अनुजा घरीच राहू दे," हंबीर चपला घालत म्हणाला. "तिच्या तोंडावर दिसतंय सगळं."

मी दारात आडवी उभी राहिले. "हंबीर, दुकानातली पाटी वाचलीस न्हवं? जावईबी परत घेत न्हाईत. पोरगी माझ्यासंगं गारगोटीला जाईल, तिचं ती बघंल, पटलं न्हाई तर न्हाई म्हणून येईल. तू ऱ्हा घरी. गरज तुझ्या तोंडावर दिसती."