चष्म्याआडचा धबधबा

"आज निकाल लावाच एकदाचा," सुमिएनं नवऱ्याला बजावलं. "फळीवर एकच यंत्र राहील. दुसरं कपाटात."

ओसाकातल्या त्यांच्या सार्वजनिक न्हाणीघरात, कपडे बदलायच्या खोलीत, तीस वर्षं दोन जुनी गेमयंत्रं नांदत होती. काळं तिच्या नवऱ्याचं, इसोगाईचं; करडं टोफूवाल्या कुरामोचीचं. खेळ दोन्हींवर तोच, आणि भांडणही तेच.

"तुझा हिरो धावतो की लंगडतो रे? पाय दोनदाच हलतात लेकाचे!" कुरामोची चिडवायचा.

"पण पळतो तरी! तुझा चिखलात रुतल्यासारखा चालतो."

इसोगाईची सगळी भिस्त खेळातल्या धबधब्यावर होती. त्याच्या पाण्याआड उभा राहिलेला हिरो असा आरपार दिसायचा, की कुरामोचीचंही तोंड बंद व्हायचं. त्यामुळे इसोगाई निर्धास्त होता. सकाळी सुमिएनं जुना डबडा टीव्ही भंगारात देऊन भलामोठा सपाट टीव्ही आणला, तेव्हाही त्यानं कौतुकच केलं. बिचारा!

काळं यंत्र लावलं आणि पडद्यावर निळ्या उभ्या रेघा उमटल्या.

"हा धबधबा आहे की तुरुंगाची खिडकी?" कुरामोची खो खो हसला.

काळ्या यंत्राला आरपार पाणी काढता येतच नव्हतं. ते एकाआड एक रेघा मारायचं आणि जुना टीव्ही धूसरपणे त्या कालवून पाणी करायचा. नव्या टीव्हीनं रेघ न् रेघ वेगळी दाखवली. करड्याचं पाणी मात्र नव्या टीव्हीवरही नितळ.

"हरलो," इसोगाई म्हणाला. बायकोला तो एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

तीन वाजता न्हाणीघर उघडलं. कुरामोचीनं नेहमीसारखा चष्मा गल्ल्याच्या खणात ठेवायला सुमिएच्या हाती सोपवला आणि गाणं गुणगुणत आंघोळीला गेला. कपाटात टाकण्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणून इसोगाईनं काळं यंत्र पुन्हा लावलं, हिरोला धबधब्याआड उभं केलं आणि नुसता बघत बसला.

अर्ध्या तासानं कुरामोची लालबुंद होऊन, कमरेला पंचा गुंडाळून बाहेर आला. कॉफी-दुधाची बाटली तोंडाला लावता लावता तो थबकला.

"वा! याला म्हणतात धबधबा! मागचा माणूस कसा आरपार दिसतोय बघ. काळ्याला जमेल का जन्मात?"

दूध पीत बसलेले तिघे म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले.

"काय म्हणालास? जरा मोठ्यानं," इसोगाई म्हणाला.

कुरामोचीनं आनंदानं सगळं पुन्हा सांगितलं, आणखी दोन विशेषणं लावून.

"काळंच लावलंय रे," एक म्हातारा म्हणाला.

"छट्! शक्यच नाही." कुरामोची चाचपडत गल्ल्याशी आला. "वहिनी, माझा चष्मा द्या आधी!"

सुमिएनं गुडघ्यानं खण हळूच आत ढकलला.

"कसला चष्मा, भाऊजी?"